चांदीचं आपट्याचं पान: मेटल क्लेचा पहिला दागिना

दसऱ्याला आपण आपट्याची पानं वाटतो आणि त्यांना सोनं म्हणतो. दोन दिवसांनी तेच सोनं वाळून ओट्यावर उडत असतं. त्यातलं एक पान, शिरांसकट, खऱ्या चांदीचं करून गळ्यात घालता येतं, आणि त्यासाठी ना साचा लागतो, ना मूस. हे मी मामांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते चष्म्यावरून नुसते पाहत राहिले. मामांची उभी हयात चांदी गाळण्यात आणि ठोकण्यात गेलेली. म्हणाले, "चांदी कणकीसारखी मयता येते म्हनतं? मंग दोन पोया लाट की बाई, जेवूनच जातो."

ज्यांनी अजून मेटल क्लेचं पाकीटही फोडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मेटल क्ले म्हणजे धातूची अतिशय बारीक पूड, ती धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा आणि पाणी. ओली असताना ती लाटता येते, कापता येते, तिच्यावर ठसा उठवता येतो. वाळली की खडूसारखी होते. भाजली की चिकटा जळून जातो आणि धातूचे कण न वितळता एकमेकांना घट्ट बिलगतात. याला सिंटरिंग म्हणतात. चांदीच्या क्लेतून शेवटी हातात येते ती 99.9 टक्के शुद्ध चांदी. जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने 1990च्या सुमारास ही क्ले तयार केली, तिला पीएमसी, म्हणजे प्रेशस मेटल क्ले, म्हणतात. आयडा केमिकल या दुसऱ्या जपानी कंपनीची ती आर्ट क्ले. तांब्याची आणि ब्राँझची क्लेही मिळते, पण तिच्याकडे नंतर येऊ.

आधी नुसतं पाहा

पाकीट मागवण्याआधी महिनाभर फक्त बघत हिंडा. हा सल्ला मला कोणी दिला नव्हता, म्हणून माझी पहिली 10 ग्रॅम क्ले वाया गेली. काय चांगलं हे डोळ्याला कळत नसेल तर हाताला कसं कळणार?

आमच्यापासून खामगाव जवळ. त्याला रजतनगरी म्हणतात ते उगीच नाही. तिथल्या एखाद्या पेढीवर गर्दी नसलेल्या वेळी जा आणि वस्तू उलटी करून दाखवायला सांगा. दागिना असो की मूर्ती, तिची पाठ खोटं बोलत नाही. ठोकून केलेल्या कामात पुढे जिथे उंचवटा, तिथे मागे खोलगट भाग दिसतो. साच्यात ओतलेल्या कामाची पाठ बहुतेक सपाट असते, आणि शेजारच्या ट्रेमध्ये त्याचाच जुळा भाऊ पडलेला असतो. नीट पाहिलं तर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची पुसटशी रेघही सापडते.

गडचिरोलीच्या पलीकडे बस्तर लागतं. तिथल्या घडवा कारागिरांचं ढोकरा काम मिळालं तर हातात घ्या. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळायचे, वरून माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी पितळ ओतायचं. वरची माती फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून तसाच दुसरा घोडा पुन्हा होत नाही. घोड्याच्या मानेवरच्या त्या बारीक समांतर रेघा म्हणजे मेणाचे धागे. धातू थंड होऊन किती दिवस झाले असतील, पण मेण वळवणाऱ्या बोटांची लय अजून तिथे आहे.

नागपूरला कामासाठी जाणं झालं तर दोन तास अजब बंगल्यासाठी ठेवा. 1863 साली सुरू झालेलं हे मध्यवर्ती संग्रहालय. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनी इथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती आणि रामटेकजवळच्या हमलापुरीच्या बुद्धमूर्ती याच संग्रहातल्या. मूर्तीचा चेहरा सगळेच बघतात. तुम्ही वस्त्राची कड बघा, बोटांमधली फट बघा. धातू तिथे किती पातळ केलाय आणि कुठे मुद्दाम जाड ठेवलाय हे दिसायला लागलं की तुमचं निम्मं शिक्षण झालं.

मेटल क्लेच्या कामाची खूण वेगळी. ते काम मऊ असताना झालेलं असतं, त्यामुळे जे जे त्याला टेकलं ते सगळं त्याच्यावर उमटतं. कापडाची वीण, पानाची शीर, कधी कधी अंगठ्याचा ठसा. चांगल्या कारागिराचा ठसा जिथे हवा तिथेच असतो. नवख्याचा पाठीवर असतो आणि तो त्याला दिसलेलाच नसतो. कडा पाहा, त्या कात्रीने कापल्यासारख्या धारदार राहिल्यात की घासून मऊ केल्यात? ओवायची कडी पाहा, ती दागिन्यातून उगवल्यासारखी वाटते की आठवण आली म्हणून मागून डकवल्यासारखी? मी स्वतः कडीवरूनच माणसाची पारख करते. पेंडंटवर आठ दिवस घालवून कडीला पाच मिनिटं देणारे फार.

विकत घेताना 925 किंवा 999 हा शिक्का शोधा, हजार भागांत किती भाग चांदी ते तो आकडा सांगतो. आणि 'जर्मन सिल्व्हर' ऐकून भुलू नका, त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू आहे.

काय काय लागेल

कमी तापमानाला भाजली जाणारी चांदीची क्ले घ्या, साधारण 650 अंशांची. ती भाजल्यावर 8 ते 10 टक्केच आकसते. पीएमसीचा सगळ्यात पहिला प्रकार तर जवळजवळ 30 टक्के आकसायचा. पानासाठी क्लेची पेस्ट लागते, ती छोट्या बरणीत तयार मिळते. कडीसाठी थोडी घट्ट क्ले. आपल्याकडे हे सगळं बाहेरून येतं, त्यामुळे ग्रॅममागे भाव सराफाच्या चांदीपेक्षा बराच जास्त पडतो. मागवायचंच असेल तर हिवाळ्यात मागवा. एका विक्रेत्याने मला ऐन मे महिन्यात पाठवलेलं पाकीट उघडलं तर आत दगड. गोदामात का गाडीत, कुठे किती दिवस तापलं देव जाणे, आणि पैसे काही परत आले नाहीत. पण वाळलेली क्ले टाकायची नसते. ती किसून पूड करा, थेंब थेंब पाणी घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मळली की पुष्कळशी परत येते. मामा म्हणतात तशी अगदी कणीकच.

पाण्यावरून आठवलं. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथलं विहिरीचं पाणी चहालासुद्धा चालत नाही, ते क्लेला कुठून चालणार? वाळल्यावर क्षार उरतात. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरते, एक बाटली वर्षभर पुरते.

बाकीचं घरातच आहे. मऊ केसांचे दोन ब्रश, जुन्या पत्त्यांचा जोड, स्ट्रॉ, सुई, प्लास्टिकचा कागद, हाताला लावायला थेंबभर ऑलिव्ह तेल, बारीक पॉलिश पेपर 400 पासून 2000 पर्यंत. भाजायला स्वयंपाकघरातला ब्युटेनचा छोटा टॉर्च, फायरब्रिक (भट्टीत वापरतात ती वीट) आणि लांब चिमटा. साधी वीट किंवा सिमेंटची फरशी घेऊ नका. आत ओल असली तर तापल्यावर तिचे टवके उडतात.

अॅल्युमिनियम मात्र या टेबलावर येऊच द्यायचं नाही, ना ताटली, ना फॉइल. त्याचा कण चांदीत गेला की भाजताना काम बिघडतं. आपल्या घरात अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. म्हणजे बाजारातलं जर्मन सिल्व्हर आणि घरातलं जर्मन, दोन्ही या कामाला निरुपयोगी.

पान निवडणं आणि लेप देणं

पहिल्यांदा मी संत्र्याचं पान घेतलं. दिसायला किती सुंदर, तुकतुकीत! भाजून निघालं ते चमच्यासारखं, एक मधली शीर सोडली तर कोरं. जे पान डोळ्याला गुळगुळीत दिसतं ते या कामाचं नाही. पान पालथं करून त्यावरून नख फिरवा. शिरा नखाला लागल्या तरच घ्या. आपट्याच्या पानात देठापासून सात ते नऊ शिरा पंख्यासारख्या निघतात आणि मागच्या बाजूला चांगल्या उठून दिसतात. शिवाय ते मधोमध दुभंगलेलं, त्यामुळे दागिना म्हणून आकार आयताच मिळतो. पिंपळाचं कोवळं पानही छान होतं. तळहाताएवढं पान घेऊ नका, दोन बोटं रुंद बस झालं.

पान ताजं हवं. धुऊन पुसा, देठ अर्धा सेंटिमीटर ठेवा, धरायला बरा पडतो.

आता पालथ्या बाजूला पेस्टचा पहिला हात द्यायचा. पेस्ट ताकापेक्षा घट्ट, दह्यापेक्षा पातळ. पहिले दोन-तीन हात अगदी पातळ, कारण शिरांचा बारकावा तेच उचलतात. ब्रश शिरेच्या दिशेने, देठाकडून बाहेर. कडेला एक केसभर जागा सोडा. पेस्ट कडेवरून पुढच्या बाजूला गेली तर तिथे ओबडधोबड ओठ तयार होतो आणि मग तो घासत बसावं लागतं.

प्रत्येक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. इथे आपल्याकडचा उन्हाळा घात करतो. 45 अंशांच्या उन्हात पेस्ट पाच मिनिटांत वाळते, पण त्याआधी पान गुंडाळायला लागतं आणि वरचा थर तडकतो. सावलीत, बंद खोलीत वाळवा. थेट कूलरसमोर नको, एका बाजूने वाळून पान वाकडं होतं. श्रावणात उलटी तऱ्हा, दोन-दोन तास ओलच जात नाही. मला विचाराल तर या कामाचे खरे महिने दसरा ते होळी.

असे दहा-बारा हात द्या. आतलं हिरवं अजिबात दिसेनासं झालं आणि पान हातात जरा जड लागायला लागलं की पुरे. मधल्या शिरेवर आणि देठापाशी दोन हात जास्त, तिथेच सगळा ताण येतो.

कडीसाठी घट्ट क्लेचा लहानसा गोळा घ्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन पत्ते ठेवून मधोमध लाटा, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. तिची पट्टी कापून तेल लावलेल्या स्ट्रॉवर गुंडाळा, वाळू द्या, आणि पेस्टने देठाच्या मागे चिकटवा. सांध्यात फट दिसली तर पेस्टनेच भरा. आता न कळलेली फट भाजल्यावर दुप्पट दिसते.

मग पूर्ण एक दिवस थांबा. वाळलं की नाही हे पाहायची युक्ती अशी: तुकडा किंचित कोमट करून आरशावर ठेवा. उचलल्यावर खाली वाफेचा डाग दिसला तर आत ओल आहे. ओला तुकडा भाजला तर आतली वाफ त्याला फोडून बाहेर येते.

घासायचं असेल ते याच टप्प्यावर, हलक्या हाताने. धातू झाल्यावर जे काम अर्धा तास घेईल ते इथे दोन मिनिटांत होतं. नाकातोंडावर मास्क बांधा. खाली कागद पसरा आणि पडलेली पूड बरणीत परत टाका, ती चांदी आहे.

भाजणं

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. वैशाखातली दुपार, अंगणात फायरब्रिक मांडली, टॉर्च पेटवला. पुस्तकी ज्ञान असं, की तुकडा फिकट नारिंगी दिसला की वेळ मोजायला लागायची. त्या उन्हात टॉर्चची ज्योतसुद्धा नीट दिसत नव्हती, तर तुकड्याचा रंग काय दिसणार? मला वाटलं, तापतच नाहीये. ज्योत जवळ नेली. पानाची एक कड आरशासारखी लखलखली, पाण्यासारखी हलली आणि आखडून मण्याएवढा गोळा झाली. शुद्ध चांदी 962 अंशांना वितळते. लखलखाट दिसला म्हणजे तुम्ही तिथे पोचलात, ज्योत ताबडतोब बाजूला घ्या.

म्हणून भाजायचं ते दिवे लागल्यावर, खोलीतला दिवा मालवून. खिडकी उघडी, पंखा आणि कूलर बंद. केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, जवळ पाण्याची बादली, पोरंटोरं बाहेर.

ज्योत तुकड्यापासून पाचेक सेंटिमीटरवर धरून गोल फिरवत राहा. आधी धूर येईल, मग पान पेट घेईल. घाबरू नका, चिकटा आणि पान दोन्ही जळतायत. राखेची पापडी उडून जाते. मग तुकडा पांढरा पडतो, आणि हळूहळू आतून उजळायला लागतो. तो रंग पिकल्या पपईच्या फोडीसारखा हवा. पिकल्या संत्र्यासारखा भडक केशरी झाला तर हात मागे घ्या. पपईचा रंग आला की घड्याळ लावा. 5 ग्रॅमच्या आतल्या तुकड्याला साधारण 2 मिनिटं तो रंग टिकवून ठेवायचा. ज्योत एका जागी थांबवायची नाही. डोळ्यांदेखत तुकडा आकसताना दिसतो. पाच सेंटिमीटरचं पान साडेचारचं होतं.

टॉर्च बंद केल्यावर हात लावायची घाई करू नका, रंग गेला तरी तो भाजेल इतका तापलेलाच असतो. वीस मिनिटं विसरून जा.

मी तो पहिला नीट भाजलेला तुकडा मामांपुढे ठेवला. पांढराफटक, चुना फासल्यासारखा. "हे चांदी हाय?" मामांनी विचारलं आणि कोपऱ्यातल्या पाट्यावर वीतभर उंचीवरून टाकला. टण्ण वाजला. मामा काही बोलले नाहीत, उचलून परत टाकला. ही परीक्षा तुम्हीही करा. कमी भाजलेला तुकडा खापरासारखा बद्द वाजतो. तसा वाजला तर पुन्हा भाजा, चांदीच्या क्लेला ते चालतं.

पांढऱ्यातून चांदी

तो पांढरा रंग म्हणजे लेप नव्हे. पृष्ठभाग इतका बारीक खडबडीत असतो की प्रकाश विखुरतो, म्हणून चांदी पांढरी दिसते. पितळी तारांचा मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासा. पहिल्या चार-सहा फटक्यांतच खालून चांदी वर येते. या क्षणासाठी मी अजूनही घरातल्या कुणाला तरी हाक मारते.

साबणाऐवजी रिठ्याचं पाणीही चालतं, मामा आयुष्यभर तेच वापरत आले. चकाकी हवी तिथे ओप द्या. मामांकडे अकीकाची जुनी ओपणी आहे. ती नसेल तर स्टीलच्या चमच्याची गुळगुळीत पाठ घ्या आणि दाबून एकाच दिशेने फिरवा. सगळं पान चकचकीत करू नका. उंच शिरांना ओप आणि मधल्या भागाला मंद पांढरटपणा ठेवला तर पान जिवंत दिसतं.

शिरांमध्ये काळसर छटा हवी असेल तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून डब्यात ठेवा, पान त्याला न टेकवता आत ठेवून झाकण लावा. बलकातला गंधक काही तासांत चांदीला काळवंडतो. मग वरचा भाग पुसून काढायचा, खोलात काळं राहतं. आमच्या घरात हा उद्योग गोठ्यात करावा लागतो, कारण मामांना अंड्याचा डबा घरात चालत नाही.

पहिल्याच वर्षी काय करू नये

अंगठी करू नका. आकसण्याचा हिशेब चुकतो, आणि सिंटर केलेली चांदी ठोकलेल्या चांदीइतकी चिवट नसते. आत सूक्ष्म पोकळ्या असतात. बारीक अंगठी कापूस वेचताना किंवा मोटारसायकलच्या हँडलवर वाकते, कधी मोडतेही. पेंडंट आणि कानातलं यांनीच सुरुवात बरी. ब्राँझची क्ले स्वस्त म्हणून मोहात पडू नका. ती उघड्यावर भाजली तर काळी पडते. स्टीलच्या डब्यात, सक्रिय केलेल्या कार्बनमध्ये पुरून, विजेच्या भट्टीत तासन् तास भाजावी लागते. चुलीतला कोळसा त्या कामाचा नाही. मोती किंवा फिरोजा क्लेत बसवून भाजू नका, ते टिकत नाहीत.

आणि मग नंदी

दोन-चार पानं जमली की हात आपोआप उभ्या वस्तूकडे वळतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडाचा नंदी ओढत नेतात, तोच मी करून पाहिला, अंगठ्याएवढा. सगळा भरीव केला तर चांदी फार जाते. त्यामुळे आत कॉर्क क्लेचा, म्हणजे बुचाच्या भुशाच्या मातीचा, गाभा करायचा, तो चार-पाच दिवस वाळवायचा, आणि त्यावर चांदीचा थर चढवायचा. भट्टीत गाभा जळून जातो, नंदी आतून पोकळ राहतो. पोटाखाली एक बारीक भोक ठेवा, धुराला वाट हवी. याला टॉर्च चालत नाही, तापमान हळूहळू चढवणारी विजेची भट्टीच लागते. मध्येच वीज गेली तर दार उघडून तुकडा हलवू नका. अर्धवट भाजलेला तुकडा बोट लागताच भुगा होतो. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावा.

माझ्या नंदीचं डावं शिंग वाळवतानाच मोडलं. पेस्टने जोडलं, तरी जोड दिसतोच. मामांनी नंदी तळहातावर घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवला, अर्थात आधी पालथा केला. म्हणाले, "असू दे. बैल म्हनला का शिंग मोडतेच." आता मी शिंगांच्या आत आधीच बारीक तार घालते. ती तार शुद्ध चांदीचीच घ्या, 925ची नको. भट्टीच्या तापमानाला 925ची तार ठिसूळ होते, आणि मग शिंग तारेसकट जातं.